नीलाबाईंची रेघ

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. सौंदडमध्ये ते सगळ्यांना माहीत आहे, आणि जिची ही गोष्ट आहे त्या नीलाबाईंना तर जरा जास्तच. मी त्यांना मावशी म्हणते. रक्ताचं नातं नाही, पण त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच कुडाची भिंत, आणि लहानपणी माझी शाळेची चड्डी फाटली की ती भिंतीवरूनच पलीकडे जायची आणि शिवून परत यायची.

नीलामावशी गोरेगावकडच्या. नववीपर्यंत शिकल्या आणि ताराचंदकाकांशी लग्न होऊन सौंदडला आल्या. काका धानाच्या गिरणीत कामाला. एकोणीसशे नव्व्याण्णवमध्ये विहाराच्या खोलीत बायकांसाठी तीन महिन्यांचा शिवणवर्ग निघाला. पंधरा बाया गेल्या, चौदा जणी पेटीकोटापर्यंत पोचून थांबल्या. मावशी थांबल्या नाहीत. माणसाकडे एकदा पाहायचं, चार ठिकाणी टेप लावायचा आणि मग खडू कापडावर टेकवला की तो न उचलता पूर्ण रेघ काढायची. मी किती वेळा तोंड उघडं टाकून ते बघत बसले असेन. खोडायचं काम नाही, दुसऱ्यांदा गिरवायचं काम नाही.

त्यांच्या हातची एक गोष्ट गावात आजही सांगतात. धनेंद्रभाऊ म्हणजे आमच्याकडचे पोवार शेतकरी. त्यांची बहीण ओमेश्वरी, तिचं लग्न दोन हजार चारमध्ये झालं. लग्नाचा ब्लाउज मावशींनी शिवला. पुढे ओमेश्वरीला दोन मुलं झाली, अंग भरलं, आणि तोच ब्लाउज ती दोन हजार नऊच्या एका लग्नात घालून आली! सासरच्या बाया म्हणे बोटं लावून लावून बघत होत्या. मावशींनी त्याची शिवण दोनदा उसवून आतलं कापड बाहेर घेतलं होतं. शिवताना आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. इतर शिंपी सगळीकडे सारखी अर्धा इंच सोडून मोकळे होतात. मावशी काखेपाशी किती, बाजूला किती, गळ्यापाशी किती, हे ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे ठरवायच्या. ही गोष्ट मला पाठ होती. तरी वेळेवर ती आठवली नाही, म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

आता माझं. मी नागपूरला एम.टेक. करत होते. विषय होता, व्हिडिओत आकार बदलणाऱ्या वस्तूचा माग काढणं. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं. पहिल्या चित्रात आपण संगणकाला सांगायचं, ही बघ वस्तू. पुढच्या चोवीस चित्रांत ती त्यानं आपली आपण शोधायची. चेंडू असेल तर सोपं. चेंडू कुठेही गेला तरी गोलच असतो. मोटारही सोपी. पण मांजर? हवेत उडणारा पदर? तिथे प्रोग्रामची पंचाईत होते, कारण तो ज्या आकाराला शोधत असतो तो आकारच पुढच्या चित्रात नसतो.

मी सारस निवडला. का निवडला म्हणून काय विचारता! धनेंद्रभाऊंची शेती इटियाडोह धरणाच्या कालव्यावर, आणि त्यांच्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दरवर्षी सारसाची जोडी यायची. माणसाएवढं उंच पाखरू. उभं राहिलं की काठी, वाकलं की धानात अर्धं गायब, आणि पंख उघडले की एकदम तिप्पट! त्यात जोडी नाचायला लागली की मान एकीकडे, पाय दुसरीकडे. शिवाय आमच्या जिल्ह्यात सारस मोजायला पक्षीमित्र पहाटे उठून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं हिंडत. तेच काम व्हिडिओवरून झालं तर? या विचारानं मला झोप लागायची नाही. दोन हजार अकराचा पावसाळाभर मी धनेंद्रभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून जायची, मचाणावर कॅमेरा लावायची आणि चिखलानं भरून परत यायची.

माझा प्रोग्राम असा होता: पक्ष्याभोवती बारीक ठिपक्यांची माळ, आणि प्रत्येक ठिपका रंग जिथे बदलतो त्या कडेला जाऊन चिकटणार. पक्षी उभा असेपर्यंत माळ झकास बसायची. पंख उघडले की ठिपके अंगालाच चिकटून राहायचे आणि पंख बाहेर. एखाद्या ठिपक्याला मोकळं सोडलं तर तो थेट धानाच्या लोंबीला जाऊन मिठी मारायचा. त्याला शिकवायला हजारो चित्रं लागणार होती, आणि प्रत्येक चित्रात माणसानं हातानं पक्ष्याभोवती रेघ काढलेली हवी होती. प्रयोगशाळेतल्या दोन मुलांना बसवलं. दहा चित्रं झाली आणि दोघांनाही एकदम परीक्षेचा अभ्यास आठवला.

प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांना मी म्हटलं, "आमच्या गावात एक बाई आहेत. त्यांच्यासारखी रेघ अख्ख्या कॉलेजात कोणी काढणार नाही."

"काय करतात?"

"शिवणकाम."

"दीप्ती," सर हसून म्हणाले, "हे ब्लाउज नाही."

झालं! माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे लिहून दिलं की रेघांची जबाबदारी माझी.

दिवाळीनंतर मी लॅपटॉप घेऊन मावशींकडे गेले. माउस त्यांच्या हाताला काही केल्या मानवेना. "हे साबन धरून कोन रेघ काढन व?" म्हणाल्या. पहिली वीस चित्रं मी शेजारी बसून करून घेतली, बरोबर कडेवरून. दुसऱ्या खेपेला प्रयोगशाळेतली पेनाची पाटी आणली, म्हणजे पाटीवर पेन फिरवायचा आणि रेघ पडद्यावर उमटायची. मावशींनी पेन खडूसारखा आडवा धरला, चोचीच्या टोकाला टेकवला, आणि न उचलता मान, पाठ, शेपूट, पाय, पोट करत पुन्हा चोचीला आणून भिडवला. मी अक्षरशः उडी मारली. काका बाजेवरून म्हणाले, "पोरगी पागल झाली."

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मावशींनी तीन हजार आठशे चित्रं केली. सकाळी दोन तास रेघा, मग ब्लाउज, दुपारी वीज आली की पुन्हा रेघा. पुढचं-मागचं चित्र बघायची बाणाची कळ त्यांनी स्वतःच शोधून काढली होती. शेजारच्या बायांना सांगायच्या, "संगनकाले सारस शिकवून राहिली मी." मी पेनड्राइव्ह घेऊन जायची आणि छोट्या छोट्या चित्रांवर नजर टाकून 'वा मावशी वा' म्हणायची. मोठं करून एकही पाहिलं नाही. का पाहीन? मावशींची रेघ चुकते का कधी?

मार्चमध्ये सगळ्या रेघा प्रोग्रामला दिल्या. पडद्यावर हिरवी माळ उमटली ती पक्ष्यापासून लांब, ढगळ, आजूबाजूचं धान पोटात घेऊन बसलेली. मी मावशींचं एक चित्र मोठं केलं. रेघ कडेच्या बाहेर. दुसरं केलं. बाहेर. शंभर केली, शंभरही बाहेर.

त्याच दुपारी बस पकडली. मावशी दारात काजं-बटणं करत बसल्या होत्या. मी चप्पलही काढली नाही.

"मावशी, रेघ कडेवरून काढायची होती ना? सगळ्या बाहेर काढून ठेवल्या!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अडाणीपणा केला आहे.

"बाहेरच काढतेत. कडीवरून कोन कापते व?"

"कापायला कोणी सांगितलं होतं? चार महिने वाया गेले! सगळं, बंदं वाया गेलं!"

मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं. उठल्या, पाटी फडक्यात गुंडाळली, वर लॅपटॉप ठेवला आणि माझ्यापुढे सरकवला. "ने मंग," एवढंच म्हणाल्या, आणि बटणाला टाका घालायला लागल्या. बारा वर्षांत त्यांच्या कामाला कोणी 'वाया' म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं. परत जाताना बसमध्ये मला स्वतःची लाज वाटत होती, आणि राग तर होताच.

सर रागावले नाहीत, हे आणखी वाईट. शांतपणे म्हणाले, "रेघा काढून टाक. चालणाऱ्या माणसाचे तयार व्हिडिओ मिळतात, त्यावर छोटा प्रबंध कर आणि मे महिन्यात मोकळी हो." म्हणजे सारस गेला, आणि मावशींच्या तीन हजार आठशे रेघाही गेल्या. मी हट्टच धरला, तेव्हा काही जमतं का बघायला सरांनी पंधरा दिवस दिले.

मी म्हटलं, सोपं आहे. शिंपिणीनं माया सोडली आहे ना, तर सगळीकडून सारखी कातरून टाकू. प्रोग्रामला सांगितलं, प्रत्येक रेघ एवढी आत घे. आणि पाखराची मान तुटली! मानेच्या एका बाजूला रेघ केसभर लांब, दुसऱ्या बाजूला बोटभर. पायांशी जवळपास नाहीच, आणि खांद्यापाशी ही ऐसपैस. एका चित्रात एक, दुसऱ्यात दुसरंच. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मावशी, निदान चूक तरी सारखी करायची होती!

चौथ्या दिवशी, काही करायचं उरलं नव्हतं म्हणून, मी चित्रं एकामागून एक नुसती बघत बसले. चित्र क्रमांक बाराशे बारा. सारस शांत उभा, पंख मिटलेले. डाव्या खांद्यापाशी रेघ चांगलीच बाहेर, उजवीकडे अंगाला लागून. मी मनात म्हटलं, डावीकडे एवढं काय आहे? कळ दाबली. पुढचं चित्र, त्याच्या पुढचं. आणि डावा पंख उघडायला लागला.

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मी दुसरं चित्र काढलं. मानेच्या उजव्या बाजूला जागा, आणि दोन चित्रांनंतर मान उजवीकडे वाकलेली! तिसरं काढलं, चौथं काढलं, पन्नास काढली. जिथे जागा सोडलेली, तिथेच पाखरू पुढे जात होतं. मी खुर्चीवरून उठून प्रयोगशाळेत दोन चकरा मारल्या आणि कोणाला काही न सांगता बसस्टँड गाठला.

या वेळी चप्पल काढली. मावशी कापड बेतत होत्या. मान वर केली नाही.

काका म्हणाले, "बोल ना व तिच्यासंग. पोरगी नागपूरहून रडत आली."

"बोलाले काय आहे?" मावशी म्हणाल्या. "माहं काम वाया गेलं म्हनते ते."

"मावशी, चुकलं माझं," मी म्हटलं. "जीभ चालते माझी, माहीत आहे तुम्हाला. पण एक सांगा. एकीकडे जास्त, एकीकडे कमी, असं काऊन सोडलं?"

कामाबद्दल कोणी नीट विचारलं की मावशींना गप्प बसता येत नाही. खडू खाली ठेवला.

"पाखरू पंख उघडनार आहे, तिथं जागा नको? मी कळ दाबून पायलं ना, आता हे कुठं पसरते ते. खांद्यापाशी जास्त, काखीपाशी जास्त. पायाले कायले पायजे? पाय काही फुगत नाई. मानेची जाडी थे तेवढीच राहते, पन जिकडं वाकनार तिकडं सोडली." मग माझ्याकडे बघून, जरा मऊ आवाजात, "बाहेरून आत घेता येते व पोरी. एकदा आतून कापलं का बाहेर कसं नेशीन?"

मी त्यांना मिठीच मारली. हातावरचा खडू साडीला लागला म्हणून ओरडल्या.

कारण नेमकं हेच माझ्या प्रोग्रामला येत नव्हतं! ठिपक्याला पुढच्या चित्रात किती लांब शोधायला जाऊ द्यायचं? जवळच ठेवला तर पंख निसटतो, मोकळा सोडला तर धानाला चिकटतो. मी चार महिने सगळ्या ठिपक्यांना सारखीच मोकळीक देत होते, त्या अर्धा इंचवाल्या शिंप्यांसारखी. मावशींनी मात्र प्रत्येक चित्रात, प्रत्येक ठिकाणी, किती मोकळीक हवी ते काढून ठेवलं होतं. असा उभा पक्षी दिसला की कुठे जागा सोडायची, हे प्रोग्राम या रेघांवरूनच शिकू शकत होता. तेवढ्या जागेत खरी कड शोधणं हे त्याला आधीपासून येत होतं.

एकच गोष्ट कमी होती. निकाल तपासायला काही चित्रांवर बरोबर कडेवरची रेघही लागणार होती. ते सांगताना माझी जीभ अडखळली. मावशी म्हणाल्या, "मंग तसं सांग ना. कापाची रेघ येगळी, शिवनीची रेघ येगळी. शिवनीची पायजे तुले." आठ दिवसांत तीनशे चित्रांवर शिवणीची रेघ काढून दिली. मोठी करून बघितली. केसाचाही फरक नाही.

पहिल्यांदा सगळं जोडून चालवलं त्या सकाळी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. सारस उभा, हिरवी माळ अंगाशी. मान वाकली, माळ वाकली. डावा पंख उघडला, आणि माळ पंखाबरोबर सरसर उघडत गेली, टोकापर्यंत! मी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या खोलीतून शिपाई धावत आला. सरांनी तोच तुकडा सहा वेळा पाहिला. मग म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी त्या बाईंना घेऊन ये." पण पुढे हेही म्हणाले, "बाहेरचे परीक्षक रेघा मोठ्या करून बघणार. चूक वाटली तर एका वाक्यात सगळं बाद करतील. तेव्हा समजावायची तयारी ठेव."

मे महिना, नागपूर. तुम्हाला कल्पना आहे. आणि परीक्षक कोट घालून आले! दुसऱ्या राज्यातले, हिंदी-इंग्रजी बोलणारे. मावशी मागच्या खुर्चीवर, निळी साडी, स्वतः शिवलेला ब्लाउज, मांडीवर पिशवी. शेजारी काका, दर दोन मिनिटांनी एसीकडे बघणारे.

मी तीस मिनिटं बोलले. सारस नाचला, माळ नाचली. मग परीक्षकांनी तेच केलं. एक चित्र मागितलं, मोठं केलं, अजून मोठं केलं.

"ये लाइन तो बाहर है। सारी ऐसी ही हैं?"

"हो सर."

"फिर तो डेटा ही गलत है।"

मी तोंड उघडलं. महिनाभर पाठ केलेलं सगळं उडून गेलं. राग यायला हवा होता तर तोही येईना. सर माझ्याकडे बघत होते, मी माझ्या कागदाकडे. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहब," मावशी म्हणाल्या, "जरा खडे होना। और हाथ ऊपर करना।"

परीक्षक इतके गोंधळले की खरंच उभे राहिले आणि हात वर केला. हाताबरोबर सगळा कोट वर गेला. कॉलर कानाला भिडली, खालून शर्ट बाहेर आला. मागून कोणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत. पुढे गेल्या, त्यांच्या काखेपाशी कोटाचं अस्तर दोन बोटांनी उलटवून पाहिलं.

"ये देखो. जैसा खडा था वैसाच नाप लिया और लकीर पे काट दिया. हाथ ऊपर जाएगा ये सोचाच नहीं. अंदर कुछ छोडाच नहीं, अब खुलेगा कैसा?" मग पडद्याकडे बोट दाखवून, "वो पंछी का मैंने छोडा है। जिधर खुलेगा उधर।"

परीक्षकांनी हळूहळू हात खाली घेतला. पडद्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि स्वतः कळ दाबून एक चित्र पुढे नेलं. मग आणखी एक. पंख उघडला, जिथे जागा होती तिथेच. ते तसेच उभ्या-उभ्या पुढे पुढे जात राहिले. चाळीस-पन्नास चित्रं पाहिली असतील. नंतर खाली बसले, कोट काढून खुर्चीला लावला आणि मला म्हणाले की रेघांची ही पद्धत प्रबंधात वेगळं प्रकरण करून लिहा, आणि रेघा कोणी काढल्या त्यांचं पूर्ण नाव घाला. मी सरांकडे पाहिलं. ब्लाउजवाले सर! ते मावशींना हात जोडत होते.

बाहेर आलो तर ऊन भाजत होतं. मी नाचायचीच बाकी होते. काका विचारत होते, पोरगी पास झाली का नापास. मावशी पायरीवर थांबल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"दीप्ती, थे बाकीचं जाऊ दे. माह्या रेघा राहिल्या ना?"

"राहिल्या, मावशी. बंद्या राहिल्या. एकही काढून टाकली नाही."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "चाल मंग. बस निघन. ओमेश्वरीचा ब्लाउज उसवून आली मी."